पहिला नकार

हाचिनोहे गावात चिझुरुला न ओळखणारा माणूस सापडणं अवघडच. स्टेशनात तिचा भला मोठा फोटो लावला होता, हात पसरलेले, एक पाय मागे उचललेला. बर्फावर घसरत नाचणारी ही बाई एकदा साऱ्या जपानात पहिली आली होती आणि गावाला मिरवायला तेवढं पुरत होतं. तिला स्वतःला मात्र त्या फोटोखालून जाताना मान वर करवत नसे.

तिचं घर म्हणजे सेन्बेईचं दुकान. गव्हाच्या पिठाच्या गोल चकत्या लोखंडी साच्यात कुरकुरीत भाजायच्या आणि साच्याबाहेर आलेली पातळ झालर कातरून काढायची. त्या झालरीला तिथे 'कान' म्हणतात, आणि पोरांना सेन्बेईपेक्षा हे कानच प्यारे. चिझुरु आणि तिची थोरली बहीण किवाको खिशात कान भरून स्केटिंगला जात. दोघी एकाच दिवशी पहिल्यांदा बर्फावर उभ्या राहिल्या होत्या. पण किवाको उडी मारून खाली आली की बर्फालाही कळत नसे, आणि चिझुरु आली की सगळ्या गावाला कळे.

मग एका हिवाळ्यात नागोयाहून स्केटिंगच्या एक नावाजलेल्या शिक्षिका आल्या. त्यांनी दोघींना पाहिलं. "माझ्या घरी एकीची सोय होईल," म्हणाल्या. कोणाची, ते घरच्यांनी ठरवायचं होतं. वडिलांचा खांदा कामातून गेला होता, त्यामुळे मागे राहील तिच्या नशिबी ते जड साचे येणार हे उघडच होतं. जेवताना आईने थोरलीला विचारलं,

"किवा, जातेस का तू?"

"मी कशाला? चिझूला पाठव की."

आता त्या मुलखात पहिला नकार कोणी खरा धरत नाही. पाहुणा चहाला नको म्हणतो, आपण पुन्हा विचारतो, तो पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्या खेपेला कप हातात घेतो. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून गप्प बसणारा कद्रू. आईने सूपची वाटी खाली ठेवली ती पुन्हा विचारायलाच. चिझुरु लहान होती, पण एवढं न कळण्याइतकी लहान नव्हती.

"बरं, मी जाते," ती म्हणाली.

आईने वाटी पुन्हा उचलली. धाकटीने हो म्हटल्यावर थोरलीला आग्रह करायचा, म्हणजे धाकटीला भर जेवणात हावरट ठरवायचं. किवाकोने आपल्या वाटणीचा माशाचा तुकडा बहिणीच्या भातावर ठेवला. चिझुरुने तो खाल्ला, आणि जन्मभर तो तिला पचला नाही.

नागोयात तिने हाडाची काडं केली, यात वाद नाही. पडली, उठली, घोट्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि शेवटी विजेती झाली. टीव्हीवाल्यांना काहीतरी गोष्ट लागतेच. तिने सांगितलं, "ताईने माझ्यासाठी स्केटिंग सोडलं." देशभरच्या बायकांनी डोळे पुसले. टीव्हीवाले मग दुकानातही जाऊन थडकले. किवाको पिठाचे हात पुसत, कमरेत वाकून म्हणाली, "छे हो, मला तेवढी आवडच नव्हती." चिझुरुने हॉटेलच्या खोलीत ते पाहिलं आणि पदक मोज्यांच्या पिशवीत कोंबलं. हिसकावून घेतलेल्या घासाला तिने चारचौघांत दान म्हटलं होतं, वर टाळ्याही मिळवल्या होत्या. तिला स्वतःची लाज वाटली, पण पुढच्या मुलाखतीत तिने पुन्हा तेच सांगितलं.

गुडघ्यांनी हात टेकल्यावर ती गावी परतली आणि पोरांना शिकवू लागली. येताजाता दुकानात डोकवायची. हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, बर्फाचा विषय दोघीही काढायच्या नाहीत. यंदा मात्र गावातलं स्केटिंगचं जुनं रिंक पाडायचं ठरलं. शेवटच्या रविवारी विजेतीने पहिली फेरी घालावी, अशी सगळ्यांची इच्छा होती. चिझुरु तडक दुकानात गेली. आज आग्रह करायचाच, असं ठरवून गेली.

"ताई, रविवारी चल. पहिली फेरी तू घाल."

"वेड लागलं का? या वयात लोकांना हसवू?"

"चल ना. तुझ्या मापाचे बूट आणलेत मी."

"आणि दुकान कोण बघणार? तुझे चाहते?"

चिझुरुने श्वास घेतला. "तिसऱ्यांदा विचारते, ताई. चल."

किवाकोने साचा उलटला, खालची बाजू भाजू दिली. मग शांतपणे म्हणाली, "नाही गं चिझू. आता खरंच नको. या साच्यांनी कंबर खाल्ली माझी."

तिसरा नकार आला होता. त्याच्यापुढे विचारायला रीतच नाही.

"तेव्हा आईने पुन्हा विचारलं असतं तर?" चिझुरुने खाली बघत विचारलं.

"तर लगेच हो म्हटलं असतं. तिसऱ्या खेपेपर्यंत कोण थांबतंय?" किवाको हसली. ते हसणं खरंखुरं होतं, म्हणूनच चिझुरुला सोसवेना. मग किवाकोने कानांचा डबा उघडून पुढे केला. "घे. आत्ताच कातरलेत, गरम आहेत."

"नको गं, राहू दे," चिझुरुच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बरं," म्हणत किवाकोने झाकण लावलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती तिकडे वळली. डबा तिथेच, हाताच्या अंतरावर होता. चिझुरु बराच वेळ उभी राहिली. तिला दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.