निंबाखालचा सभासद

"बठीसन बोल भो, मन्ही मान दुखस."

दुकानाच्या उंबऱ्याशी उभं राहून बोलणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगत असे. बसून बोल, माझी मान दुखते. आवाजात तक्रार नसे, विनवणीही नसे. पाहुण्याला पाणी हवं का विचारावं, तितक्या सहजपणे तो ते वाक्य उच्चारायचा आणि तळहाताने सतरंजीवरची जागा दाखवायचा. फौजदार आला तरी हेच, कापसाचा व्यापारी आला तरी हेच. घड्याळदुरुस्तीच्या त्या चिंचोळ्या दुकानात खुर्ची नावाची वस्तूच नव्हती. नंदुरबारच्या बाजारपेठेत फौजदाराला मांडी घालून बसलेलं कुठे पाहायचं असेल, तर ते तिथेच.

मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी नाशिकहून नवीनच आले होते. एकोणीसशे साठचं दशक नुकतं लागलं होतं. माझं मनगटी घड्याळ मिरच्यांच्या हंगामात बंद पडलं, म्हणून मी त्याच्याकडे गेले. गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा तिखट, किंचित गोडसर वास त्या दिवसांत साऱ्या गावावर पांघरलेला असे. मी शिंकत उभी राहिले. डोळ्याला भिंग लावलेला तो माणूस मान वर न करताच म्हणाला, "बाई, तुम्हीबी बठा. सतरंजी आजच झटकेल शे."

मी बसले, आणि मला वेगळंच गाव दिसलं. माणसांचे चेहरे नाहीसे झाले. बैलांचे खूर, बायकांच्या पायांतली कडी, ओझं उतरवताना वाकणारे गुडघे, असं गाव समोरून वाहू लागलं. मिरचीची धूळ वरच्या हवेत विरळ होती. खाली ती दाट होती. तो दिवसभर त्या धुळीत बसे आणि डोळे कधीही चोळत नसे.

लहानपणीच्या एका तापात त्याचे दोन्ही पाय गेले होते. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा तो धाकटा मुलगा. घरी केळीच्या बागा होत्या, खायला ददात नव्हती. मॅट्रिक झाल्यावर वडील म्हणाले, "घरी बसून खा." ते वाक्य त्याला सहन झालं नाही, म्हणून तो नंदुरबारला आला आणि घड्याळं शिकला. चार लोखंडी चाकं लावलेल्या फळीवर तो बसे. दोन्ही हातांत लाकडी ठोकळे, खालून सायकलच्या टायरचे तुकडे मारलेले. त्यांनी जमीन मागे ढकलत तो गावभर फिरे. दगडी रस्त्यावर त्या चाकांचा खर्रर् असा आवाज येई. मला तो आवाज आजही झोपेच्या काठावर कधी कधी ऐकू येतो.

आमचं एक अभ्यासमंडळ होतं. दर रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात आम्ही जमत असू. धुळ्याच्या कॉलेजातून परतलेला विनायक आमचा पुढारी. वकिलाचा मुलगा, गोरा, उंच, बोलताना हातांनी हवेत चित्रं काढणारा. कसेल त्याची जमीन, बायकांचं शिक्षण, एका पंगतीतलं जेवण, असे आमचे विषय असत. आम्ही तरुण होतो. सोमवारपर्यंत जग बदलेल, असा विश्वास रविवारी आम्हाला वाटत असे. तुम्हीही विशीत असं एखादं मंडळ केलं असेल, तर आमच्या बोलण्यातली ऊब तुम्हाला परकी वाटणार नाही.

तो घड्याळवालाही या मंडळाचा सभासद होता, पण आत येत नसे. वाचनालयाचं जोतं उंच, समोर दगडी पायऱ्या. बाजूच्या भिंतीलगत कडुनिंब होता. त्याच्या सावलीत, बरोबर खिडकीखाली, तो आपली फळी लावून बसे. विनायक रंगात आला की मध्येच भिंत बोलू लागे. "विनायक, मागला मुद्दा परत सांग. कावळा वरडना, ऐकू उना नही." मग विनायक खिडकीत जाई, वाकून तो मुद्दा पुन्हा सांगे, आणि दुसऱ्यांदा सांगताना मुद्दा निम्मा होई. "आते बरा शे," खालून उत्तर येई.

आरंभीच्या एका रविवारी दोघातिघांनी त्याला उचलून आत नेलं होतं. मी तेव्हा तिथे होते. खुर्चीवर ठेवलेल्या त्या माणसाचा चेहरा मी विसरलेली नाही. दुकानात इतका बोलका असणारा तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. ठराव झाला तेव्हा सर्वांबरोबर हात वर केला, इतकंच. पुढच्या रविवारी मुलं उचलायला धावली, तेव्हा त्याने ठोकळा आडवा धरला.

"का रे?" विनायकने खिडकीतून विचारलं.

"उचलेल मानूस मत देत नही, आभार देस," तो म्हणाला.

उचलून नेलेला माणूस मत देत नाही, आभार मानतो. त्या ठरावाला त्याचा विरोध होता, हे आम्हाला पुढे कळलं. पण ज्यांच्या हातांवर बसून आलो आणि ज्यांच्याच हातांवर बसून उतरायचं, त्यांच्याविरुद्ध हात वर करणं त्याला जमलं नव्हतं. त्या दिवशी त्याने आपली मागणी मांडली. पायऱ्यांशेजारी एक उतार बांधा. मी माझा येईन, माझा जाईन.

विनायक गंभीर झाला. "तुझं म्हणणं रास्त आहे. पण समाजाची रचनाच बदलली की हे प्रश्न आपोआप सुटतील. आधी मोठं काम."

"तवलगून मी निमखालेच बठू का?"

तोवर मी निंबाखालीच बसू का, हा प्रश्न ऐकून विनायक खिडकीतून मागे सरला. निंबाची पिवळी पानं त्याच्या खांद्यांवर उतरत होती आणि तो ती झटकत नव्हता.

पण विनायक मनाचा हलका नव्हता. प्रश्न त्याला आतून डाचत राहिला असावा. काही आठवड्यांनी तोच वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष वृद्ध, टोपी सरळ करत बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "पुस्तकं त्याच्या घरी पाठवतो की. उतार केलात तर शेळ्या चढतील." विनायकने हट्ट सोडला नाही. अखेर, तुमच्या श्रमाने बांधत असाल तर बांधा, एवढी परवानगी मिळाली.

दिवाळीत घड्याळवाला आपल्या गावी गेला. तो परतण्याआधी उतार बांधून त्याला चकित करायचं, असं मंडळाने ठरवलं. सुट्टीचे दिवस, कोवळी थंडी. भट्टीवरून विटा आल्या, चुना कालवला गेला, आम्ही बायकांनी पाणी वाहिलं, गाणी म्हटली. हातांची सालं निघाली, आणि त्या जळजळीचाही आम्हाला अभिमान वाटला.

तो आला त्या रविवारी उताराच्या वरच्या टोकाला झेंडूची माळ बांधली होती. त्याने दुरून पाहिलं. जवळ आला. ठोकळा बाजूला ठेवून उघडा तळहात चुन्यावर टेकवला, जसा ताप पाहण्यासाठी कपाळावर ठेवावा तसा. मग ठोकळे घेऊन चढू लागला. थोडा वर गेला आणि फळी मागे घसरली. पुन्हा गेला, पुन्हा घसरली. त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या. विनायक मागून ढकलायला धावला.

"हात काढ," तो म्हणाला.

तो खाली आला, श्वास घेतला. "हाई उतार नही भो, हाई छप्पर शे."

तेवढ्यात शेजारच्या अंगणातली एक काळी शेळी टुणटुण करत उतार चढून गेली आणि वर उभी राहून झेंडूची माळ खाऊ लागली. आधी तोच हसला. "अध्यक्षसाहेबनं खरं निंघनं," म्हणाला. मग आम्हीही हसलो. विनायक हसला नाही.

"इतक्या लोकांनी इतके दिवस राबून केलं," विनायक हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्यासाठी केलं."

"मन्हासाठे करं. मन्हासंगे नही करं. माले इचारं कोनी?"

माझ्यासाठी केलंत, माझ्याबरोबर नाही. मला कुणी विचारलं? त्याने हे रागाने म्हटलं असतं तर आम्हाला सोपं गेलं असतं. तो शांतपणे फळी वळवून निंबाखाली जाऊन बसला, आपल्या नेहमीच्या जागी, आणि आम्ही पायऱ्या चढून आत गेलो. त्या दिवशी त्या पायऱ्या माझ्या पायांना जाणवल्या.

विनायक पुढचे रविवार आला नाही. मंडळ मोडणार, असं आम्हाला वाटू लागलं. मग एका सकाळी मी घड्याळाचा पट्टा बदलायला गेले असताना विनायक दुकानाशी आला. उंबऱ्यावर उभा राहिला. आम्ही दोघंही खालून त्याच्याकडे पाहत होतो. त्याने चपला काढल्या, आत आला आणि सतरंजीवर बसला. अवघडलेली मांडी, गुडघे वर आलेले.

"उतार कसा हवा?" विनायकने विचारलं.

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "आते बोलूत," म्हणाला.

कापसाच्या जिनिंगच्या आवारात गाठी गाडीत चढवण्यासाठी लांब फळ्या असत. सुट्टीच्या दिवशी त्या मागून घेतल्या. फळीचं एक टोक विटांवर ठेवायचं, त्याने चढून पाहायचं, मग एक वीट कमी करायची. हवेत सरकीचा तेलकट वास होता, कापसाचे तंतू आमच्या केसांत अडकत होते. विनायकने हट्टाने त्याची चाकांची गाडी मागून घेतली, पाय दुमडून बसला, ठोकळे मारले आणि उलटा घसरून कापसाच्या ढिगात गेला. "विनायक, समाजनी रचना बदल आधी," तो म्हणाला. विनायक कापसात पडल्या पडल्या इतका हसला, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

जो उतार त्याला दम न लागता चढता आला, तो फार लांब निघाला. समोरच्या बाजूला मावेना. म्हणून तो भिंतीच्या कडेने न्यायचा, निंबाला वळसा घालून मागल्या ओसरीशी पोचवायचा ठरलं. वळणावर त्याने सपाट जागा मागून घेतली, विसाव्याला. जुना उतार आम्ही आमच्या हातांनी फोडला. नवीन बांधताना तो रोज संध्याकाळी दुकान मिटून येई आणि ओल्या चुन्याजवळ बसून म्हणे, "आजून जरासा कमी." गवंडीकामात आमच्यापैकी कुणालाच गती नव्हती. तो उतार कुठे कुठे पोटासारखा फुगलेला होता. पण तो त्याचा होता.

फाल्गुनातल्या एका रविवारी तो चढला. निंबाला नुकता मोहर आला होता, त्याचा कडवट गंध सावलीत साठून राहिला होता. त्याच निंबाखालून, जिथे तो आजवर बसत आला होता, तिथून फळी निघाली. खर्रर्, थांबणं, खर्रर्. वळणावर तो थांबला, रुमालाने मान पुसली, खिडकीतून आत पाहिलं. पहिल्यांदाच खिडकी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या नाहीत, असं त्यानेच बजावलं होतं. ओसरीवरून तो आत आला, टेबलाशी गेला नाही. भिंतीशी फळी लावून म्हणाला, "चालू करा."

त्या दिवशी विनायकचा ठराव होता. तळोद्याच्या वरच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन मंडळाने साक्षरतेचे वर्ग चालवावेत. ठराव सुंदर होता, भाषणही सुंदर झालं. आम्ही सर्वांनी हात वर केले.

"विरुद्ध?" विनायकने रीतीप्रमाणे विचारलं.

भिंतीकडून एक हात वर आला. तळव्यावर ठोकळ्याचे घट्टे होते. "पाड्यासवर जाईसन आधी इचारा, त्यासले काय पाहिजे," तो म्हणाला. "मंग शिकाडा."

विनायक खुर्ची मागे सारून त्याच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. "बोल," म्हणाला. हळूहळू आम्ही सारेच खाली उतरलो. चर्चा दुपारपर्यंत चालली, आणि दोघं कडाडून भांडले. इतकं सुखाचं भांडण मी पुन्हा पाहिलं नाही.

काही वर्षांनी त्याने दुकान आवरून नंदुरबार सोडलं. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डोंगरातून पायांनी अधू अशी पुष्कळ मुलं येत. बाहेर झाडाखाली आईबाप त्यांना मांडीवर घेऊन बसत. एकदा जाऊन आल्यापासून त्याच्या मनातून ती झाडाखालची माणसं जाईनात. तिथेच दुकान मांडायचं, म्हणाला. घड्याळं तिथे फारशी नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

स्टेशनवर आम्ही गेलो. गाडी आली. डब्याची पायरी त्याच्या डोक्यापेक्षा उंच होती. आम्ही जागच्या जागी उभे होतो, कुणाचा हात पुढे होईना. त्याने पायरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसला.

"आते उचला," म्हणाला. "पन मी सांगसू तसं."

एक हात इथे, एक हात तिथे, घाई नको. त्याने सांगितलं तसं आम्ही केलं. त्याचं शरीर किती हलकं आणि किती ऊबदार होतं, हे मला तेव्हा कळलं. डब्याच्या दारात बसून त्याने गाडी सुटेपर्यंत विनायकशी वाद घातला. वादाचा शेवटचा मुद्दा इंजिनाच्या आवाजात आम्हाला ऐकू आला नाही, आणि परत सांग म्हणायला खिडकी नव्हती.

तो चिंचपाड्यालाच वारला. बातमी आम्हाला उशिरा कळली.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या वाचनालयात गेले होते. उताराच्या वळणावर एक भाजीवाली टोपली टेकवून विसावली होती. आत टेबलं नवी, खुर्च्या नव्या, आणि बऱ्याचशा रिकाम्या. भिंतीशी सतरंजी अंथरलेली, तिच्यावर पाचसहा मुलं वर्तमानपत्र मध्ये पसरून तावातावाने बोलत होती. एक उशिरा आला आणि उभ्या उभ्याच आपलं म्हणणं मांडू लागला.

खालच्यांपैकी एकाने मान वर केली. कोवळी मिसरूड, धडधाकट लांब पाय पुढे पसरलेले. त्या मुलाने आमच्या घड्याळवाल्याला कधी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

"बठीसन बोल भो," तो म्हणाला, आणि तळहाताने शेजारची जागा दाखवली.