नाकूताईचं मुकं मेण

"मेण बदलायचं म्हणजे बदलायचं! या पोत्यातलं चमचाभर मेणसुद्धा आता माझ्या पातेल्यात जाणार नाही."

"मेणाने तुझं काय घोडं मारलंय, ताई?"

"काय घोडं मारलंय? काल बाहेरच्या खोलीत काय झालं ते तू बघितलं नाहीस. मेणबत्तीची ज्योत वीतभर वर गेली. तिचा काचेचा ग्लास ताडकन फुटला. तुझे भावोजी सोफ्यावरून उडाले ते थेट दारात!"

"पळत नव्हतो मी," बाहेरच्या खोलीतून भावोजींचा आवाज आला. "पाण्याची बादली आणायला निघालो होतो."

"जळत्या मेणावर पाणी! ऐकलंस? घर पेटवायला निघाले होते. मी वर ताट झाकलं म्हणून आज आपण इथे उभं राहून भांडतोय."

धाकट्या बहिणीने फुटलेल्या ग्लासातला मेणाचा गोळा उचलून खिडकीशी धरला. त्याच्यावर तेलाचे बारीक थेंब होते. घाम फुटल्यासारखे.

"हे बघ. तूच मला शिकवलंस ना, मेण पोटभर खातं आणि त्याहून जास्त भरवलं की ओकतं? वासाचं तेल किती घातलं होतंस यात?"

"नेहमीएवढं."

"नेहमीएवढं म्हणजे किती?"

"वास येईपर्यंत!" ताई कडाडली. "मला माप शिकवू नकोस. हे मेण अस्सल नाहीच. वास नुसता पितंय, सोडत नाही. त्या मेणवाल्याने आपल्याला बनवलंय."

यावर धाकटी काही बोलली नाही, आणि ही गोष्ट नवलाचीच होती. केशकर्तनालयात केस कापता कापता दहा बायकांशी एकाच वेळी गप्पा मारणारी ही बाई. तिचं तोंड बंद झालं म्हणजे काहीतरी शिजतंय हे ताईने ओळखायला हवं होतं. पण ताई रागात होती, आणि रागातल्या माणसाला समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो असंच वाटतं.

ताईला सगळं घराणं 'नाकूताई' म्हणायचं. नाक काही मोठं नव्हतं. बटणाएवढं, जरा वर उचललेलं. पण त्याची कीर्ती मोठी. उमेदीची सगळी वर्षं ती कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर बसली. कोटावर डाग कशाचा हे गिऱ्हाईक सांगायच्या आत ती सांगायची. "कॉफी आहे, आणि त्यावर तुम्ही साबण चोळून घाण केलीय." एकदा एका नवऱ्याचा शर्ट हुंगून तिने त्याच्या बायकोकडे असं काही बघितलं, की त्या घरात पुढे दोन महिने कुणी कुणाशी बोललं नाही म्हणे. घरी तर विचारूच नका. धाकटी केसांच्या रंगाचा भपकारा घेऊन दारात उभी राहिली, की आतून आरोळी यायची, "आधी आंघोळ! मग बोल!"

दुकान बंद झालं आणि ताई रिकामी झाली. रिकामं बसणं तिच्या रक्तात नव्हतं. मागच्या अरुंद खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल आणि जुन्या चादरी असायच्या, तिथे तिने मेणबत्त्या करायला घेतल्या. सुरुवातीला साधं पांढरं मेण आणलं, विटांसारखं टणक. पण ते जळायला लागलं, की गुलाबाच्या मागून रॉकेलच्या बत्तीसारखा काहीतरी वास डोकावायचा. इतर कुणाला तो कळायचा नाही. ताईला मात्र झोप यायची नाही. मग मेणवाल्याने एक दिवस तिच्या हातावर सोयाबीनपासून केलेल्या मेणाची चिमूट ठेवली. किसलेल्या साबणासारखे पातळ तुकडे. तिने मूठ मिटली, थोड्या वेळाने उघडली, तर तुकडे तळव्याच्या उबेने मऊ होऊन एकमेकांना बिलगले होते. तिने हुंगलं. अगदी तळाशी, कच्च्या शेंगदाण्याची नुसती सावली. बाकी काही नाही.

"हे मेण मुकं आहे," ती घरी येऊन म्हणाली. "स्वतः बोलत नाही. दुसऱ्याला बोलू देतं. मला हेच पाहिजे."

मुकं असलं तरी ते स्वभावाने साधं नव्हतं. पहिल्याच खेपेला तिने त्याच्या उभ्या, बिनभांड्याच्या मेणबत्त्या ओतल्या आणि खिडकीत मांडल्या. दुपारच्या उन्हात सगळ्यांनी सभेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या माना टाकल्या. तेव्हा कळलं, की हे मऊ मेण डब्यातलं आणि ग्लासातलं. उभं राहणारं मेण वेगळं मिळतं. मग कळलं, की घाईने थंड केलं तर वर खड्डा पडतो, आणि थंडीत ओतलं तर अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखी नक्षी उमटते. ती बुरशी नसते, मेणाचा स्वभाव असतो. ओतल्यावर दोन आठवडे झाकून मुरू द्यावं लागतं, तेव्हा कुठे वास मेणात बसतो. हे सगळं ताई शिकली. पातेल्यात पातेलं ठेवून मेण वितळवताना ती उष्णतामापक बुडवून वाचायची, वात डब्याच्या रुंदीप्रमाणे जाड-बारीक निवडायची, मेण वजनकाट्यावर तोलायची.

फक्त वासाचं तेल तेवढं ती कधी मोजत नसे. धार सोडायची, ढवळायचं, नाक वर धरायचं. पुन्हा थोडी धार. मग एका क्षणी म्हणायची, "बास." ते 'बास' म्हणजेच तिचं माप. आणि ते कधी चुकलं नव्हतं.

हल्ली मात्र सगळ्यातच भेसळ झाली होती. साबणाला वास नाही. कॉफी म्हणजे नुसतं काळं पाणी. अत्तरवाल्याला तर तिने भर दुकानात सुनावलं, "बाटलीत पाणी भरून विकता काय हो?" भावोजी मागे उभे राहून बुटांकडे बघत होते. घरी येताना ती म्हणाली, "जगाला लाजच राहिली नाही." भावोजी म्हणाले, "हो ना." आणि मेणही भेसळीचंच. या एका वर्षातला हा तिचा तिसरा मेणवाला. त्याच्याच पोत्यावर आज भांडण जुंपलं होतं.

धाकटी आत गेली आणि तीन डबे घेऊन आली. झाकणं काढून टेबलावर ओळीने मांडले. तिन्हींचं मेण सारखंच, साईसारखं.

"हे मी एकटीने ओतलेत. याच पोत्यातल्या मेणाचे. चांगले मुरलेत. लॅव्हेंडर. एकात कमी, एकात बेताचं, एकात भरपूर. कशात किती ते सांग. बरोबर सांगितलंस तर मेण खोटं. पोतं मी स्वतः पाठीवर घालून परत देऊन येते."

"एवढंच?" ताई हसली. "अहो, या इकडे. मजा बघा."

भावोजी येऊन दाराच्या चौकटीला टेकले. चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा.

ताईने पदर खोचला. डोळे मिटले. पहिला डबा हनुवटीखालून अलगद फिरवला, मग वर आणला. ही तिची जुनी पद्धत. वासाच्या अंगावर धावून जायचं नाही, त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं.

"यात कमी."

दुसरा. "हा बेताचा. पण जरा कच्चा राहिलाय. ढवळलं नाहीस नीट."

तिसरा डबा तिने जरा जास्त वेळ नाकाशी धरला. आणि तिला तो आला. खरंच आला. जांभळ्या फुलांचा, उन्हात वाळलेल्या कापडासारखा स्वच्छ. "हा! याला म्हणतात माप. शिकलीस बाई तू."

ताईने डोळे उघडले. धाकटीने ओठ दातांत धरले होते.

"ताई, तिन्हीत काहीच नाहीये."

"काही नाही म्हणजे?"

"नुसतं मेण आहे. थेंबसुद्धा घातला नाही मी."

ताई आधी हसली. धाकटीने लहानपणी बरणीत पाल ठेवून घाबरवलं होतं, तसलंच हे काहीतरी. "खोटारडे! अहो, हुंगा हा. सांगा हिला."

भावोजींनी डबा घेतला. नाकाशी नेला. खाली ठेवला.

"मला काय कळतंय त्यातलं."

"वास येतो की नाही एवढं कळतं ना?"

"नाही येत गं," ते इतक्या हळू म्हणाले, की ऐकायला तिला पुढे वाकावं लागलं.

धाकटीने फळीवरची तेलाची बाटली काढून बूच उघडलं. भावोजी एकदम खोकले आणि मागे सरले. बाटली ताईच्या नाकाशी आली. ताईने श्वास घेतला. गार हवा आत गेली. नुसती हवा. तिने पुन्हा घेतला, जोरात, छाती भरून. हवा.

ती धावली. स्वयंपाकघरात कॉफीचा डबा उघडला. त्यात नाक खुपसलं, पार शेंड्याला पूड लागेपर्यंत. काही नाही. साबणाची वडी. जणू दगडच. लसणाची पाकळी नखाने चिरडली. बोटं चिकट झाली, बस. मग व्हिनेगरची बाटली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाकात सुया टोचल्या. "आला!" ती ओरडली, "हा बघ, आला!" आणि त्याच क्षणी तिचं तिलाच कळलं, की ही आग आहे, वास नाही. आतली आंबूस ओळख कुठेच नव्हती.

ती तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. मग आत्ताचा तो लॅव्हेंडर? तो कुठून आला होता? एखाद्या रिकाम्या खुर्चीशी आपण तासभर बोललो आणि तिने उत्तरंही दिली, असं काहीतरी झालं होतं.

"तुला कसं कळलं?" तिने न वळता विचारलं.

"तू मला आंघोळीला पाठवेनाशी झालीस," धाकटी म्हणाली. "रंगाने थबथबलेली येते मी, ताई. पूर्वी जिन्यात असतानाच ओरडायचीस. आता म्हणतेस, ये, बस, कॉफी घे. आधी वाटलं, माणसाळली. मग भीती वाटायला लागली."

"मग सांगायचं होतंस. असं फसवायचं?"

"सांगितलं असतं तर तू माझं नाक तपासायला पाठवलं असतंस!"

भावोजींना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. पण ताईने ते पकडलं. ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं."

"तसं नाही..."

"माहीत होतं!"

"दूध एकदा नासलेलं दिलंस. मला वाटलं, होतं एखाद्या वेळी."

"आणि तुम्ही प्यायलात?"

"कुंडीत ओतलं."

"कितीदा?"

भावोजींनी खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. त्यात एक वाळकी काडी उभी होती.

"म्हणून मेलं ते झाड!" ताई किंचाळली. "मी त्याला बिचाऱ्याला खत घालतेय, पाणी घालतेय, त्याच्याशी बोलतेय! आणि तुम्ही... अहो, मी अत्तरवाल्याला चोर म्हटलं. भर दुकानात! तुम्ही मागे उभे होतात ना?"

"तुझं नाक म्हणजे तुझा जीव. तो गेला हे मी कोणत्या तोंडाने सांगायचं होतं?" भावोजी म्हणाले. "डॉक्टर असतात नाकाचे. जाऊ आपण. बरं होईल."

ताईला ते ऐकूच गेलं नाही. ती मागच्या खोलीत परतली होती. फुटलेल्या ग्लासातला तो मेणाचा गोळा तिने हातात घेतला. अंगठ्याने थेंब पुसले. थोड्या वेळात पुन्हा आले. बिचाऱ्या मेणाने जमेल तेवढं खाल्लं होतं. पुढचं तिने त्याच्या घशात कोंबलं होतं. धार सोडत, हुंगत, पुन्हा धार सोडत, तो 'बास'चा क्षण येईना म्हणून. तो येणारच नव्हता. आणि हा ग्लास काही एकटा ओतला नव्हता. त्या पातेल्यातले बाकीचे...

गोळा तिच्या हातून सुटला.

"फुलवाली!"

धाकटीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. कोपऱ्यावरच्या फुलांच्या दुकानात त्याच पातेल्यातल्या मेणाच्या ग्लासांचा खोका परवाच गेला होता. फुलवालीने आज दुकान नव्याने सजवलं होतं. दिवे लागायच्या वेळी सगळे ग्लास एकदम पेटवणार होती. कागदी फुलांच्या माळांमध्ये.

धाकटी फोन लावत होती. "उचलत नाही. हात ओले असतात तिचे. ताई, ऐक. तू नको जाऊस. मी जाते."

ताईने रिकामा खोका ओढला. टेबलावरचे तीन मुके डबे फुलवालीला बदल्यात द्यायला त्यात ठेवले, झाकणं लावून. चपला शोधल्या.

"बरं, तूच जा. पण तिला नाकाचं सांगू नकोस गं," धाकटी तिच्यामागे दारापर्यंत आली. "गावभर होईल. पुन्हा कोण घेईल आपल्याकडून? मेण खराब निघालं म्हणून सांग. खोटं कुठे आहे, सकाळपासून तूच म्हणत होतीस ना? मेणवाल्याने फसवलं, एवढंच बोल. पुढचं आपण बघू. तेल मी मोजून घालेन, कुणाला कळणारसुद्धा नाही."

ताईने उजव्या पायातली चप्पल डाव्यात घातली, काढली, नीट घातली. दाराशी मेणाचं अर्धं पोतं भिंतीला टेकून होतं. तोंड उघडं राहिलं होतं. तिने वाकून ते दुमडलं आणि सुतळीने घट्ट बांधलं.

"म्हणशील ना तसंच? ताई? मेणाचा दोष म्हणून सांगशील ना?"

"मेणाने माझं काही घोडं मारलेलं नाही," म्हणत ताईने खोका कमरेवर घेतला, दार ढकललं आणि जिना उतरायला लागली.