पिशवीचा निरोप

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. देवळात कुणी अनुभव सांगायला बसवलं की मी अर्धीच सांगायचो: गावदेवीने माझ्या बायकोला मोठ्या आजारातून राखलं, एवढीच. ती खोटी नाही. पण तिला राखायची वेळ कुणामुळे आली, ते मी दरवेळी गाळलं. आता वयाची सत्तरी उलटली आहे, म्हणून गाळलेलंही लिहितो.

माझी बायको हिरा आमच्या दिवाळे गावच्या बाजारात मासळी, आमच्या बोलीत म्हावरा, विकायची. मी कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. त्या वर्षी गावच्या समाजमंदिरात बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधीच ओळखता येतो, असं सांगत एक सिस्टर दारोदार फिरली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हिरा मात्र टोपली घेऊनच गेली आणि तपासून आली. तिच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून तिने माझा नंबर दिला.

काही दिवसांनी सिस्टरचा फोन आला, तेव्हा मी देवळाच्या पायरीवर चार माणसांत बसलो होतो. "काका, काकूंच्या पिशवीच्या तोंडाचा रिपोर्ट आलाय. पेशी बदललेल्या दिसतात. घाबरू नका, पण पुढची तपासणी करायलाच हवी. त्यांना लवकर पाठवा." मी हो हो म्हणून फोन ठेवला. पिशवी हा आमच्याकडे बायकांनी बायकांत बोलायचा शब्द. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात, दोन मुलं झाल्यावरही, मी तो बायकोपुढे कधी उच्चारला नव्हता. संध्याकाळी धीर करून एवढंच म्हणालो, "शिबिरातून फोन होता. तुझी पिशवी राहिलीय म्हणतात तिथं."

हिरा हसत सुटली. "माजी पिशवी? मी त टोपली घेऊन गेलती! दुसऱ्या कुनाची असल." तिने खुंटीवरच्या पिशव्या मोजूनही पाहिल्या. एका वाक्यात सगळं उलगडलं असतं. मीही तिच्याबरोबर हसलो.

दुसऱ्या दिवशी देवीपुढे हात जोडले. म्हटलं, आई, भार तुझ्यावर. मला वाटलं, यालाच शरण जाणं म्हणतात. त्यानंतर त्या नंबरावरून दोनदा फोन आला. मी उचलला नाही. हिरा रोज धक्क्यावर जायची, ओरडून गिऱ्हाईक बोलवायची, घरी येऊन सुकं वाळत घालायची. मी तिची टोपली डोक्यावर चढवून द्यायचो. तरी तोंड उघडत नव्हतं.

तीन महिने असेच गेले. एका मंगळवारी दुपारी मी देवीला नारळ ठेवून बाहेर आलो, तर एक बाई घामाघूम होऊन पायरीशी उभी. खांद्याला फायलींची बॅग. सबंध गावात माणसं होती, पण तिने मलाच विचारलं, "काका, मासळी विकणाऱ्या हिराकाकू कुठे बसतात? तीन वेळा येऊन गेले, भेटतच नाहीत." आवाज मी ओळखला: फोनवरचीच सिस्टर. देवीने माझा भार परत माझ्याच हातात ठेवला, असं मला वाटलं. आजही वाटतं. मी तिच्यापुढे चालू लागलो.

हिराने सगळं ऐकून घेतलं आणि कोयता खाली ठेवला. मग भडकली. "तीन महिने झालं! नंबर लिवून घेतलात ना? मंग फोन कराला काय झालता? आमी मेल्यावर येनार होतात?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. वाटेत मी दोन शब्द बोललो होतो, तेवढ्यावरून तिने आवाज ओळखला असावा. ती म्हणाली, "लागला नसेल काकू. माझीच चूक." मी तिथेच उभा होतो.

मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी झाली, बारीक तुकडा काढून पाठवला. कॅन्सर झालेला नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढे होण्याची भीती होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढाच भाग काढून टाकू. हिराने विचारलं, "म्हंजे म्हावऱ्याचा कुजका भाग काढतात, तसा?" त्या हसून म्हणाल्या, "कुजलेला नाही काकू. कुजू नये म्हणूनच आत्ता काढायचा." तो भाग काढल्यावर हिरा त्याच दिवशी चालत घरी आली. पुढच्या तपासण्यांच्या तारखा तिने एकदाही चुकवल्या नाहीत.

आणि मग ती बाजारात बसून मोठ्याने बोलू लागली. जो शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता, तो ती कोळंबीच्या भावासारखा ओरडून सांगायची. "ए रखमे, पिशवीचा तोंड तपासलास का? लाजतेस कशाला? म्हावरा कापताना लाजतेस का?" पुढच्या शिबिराला टेम्पो भरून बायका गेल्या, पुढे बसली होती हिरा. करावे गावातूनही तिला बोलावणं आलं. दोन सुनांनाही तिने स्वतः नेलं. लोक मला तिचा नवरा म्हणून ओळखू लागले, आणि माझी छाती फुगायची. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचाच कधी वाटला नाही.

देवीचे उपकार मी विसरणार नाही. पण शरण जाणं म्हणजे आपलं काम देवावर ढकलून मोकळं होणं नव्हे, हे मला त्या दुपारी पायरीवर कळलं. आपल्या वाट्याचं करावं, मग हात जोडावेत.

हिरा गेल्या वर्षी हृदयविकाराने गेली. शेवटच्या दिवसांत एकदा मला जवळ बसवून म्हणाली, "त्या सिस्टरला मी तवा लय बोलले. चुकी एकदाच झालती तिची. कदी भेटली त माजी माफी सांगा तिला."

सिस्टरची बदली कधीच झाली होती. पण ज्या दोघींची माफी मागायची, त्यातली एक समोर होती, माझा हात हातात धरून. हिरा, फोन आला होता, मीच घेतला होता, एवढंच म्हणायचं होतं.

मी मान डोलावली.