जड गाडीचं लायसन

माझं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूत झालं. चार इयत्ता, बस्स. लॉरी चालवायला तेवढं पुष्कळ होतं. ढोकी स्टेशनाहून सोलापूरला भुईमुगाची पोती घेऊन जायचो. पुढं विलीनीकरण झालं, मग राज्यही बदललं आणि कचेरीतले कागद मराठी झाले. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण ती अक्षरं मला धड वाचता येत नव्हती. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? पोरगी मास्तरला दिलेली.

लायसन नवं करायची वेळ आली तेव्हा डोळे तपासून आणायचा हुकूम निघाला. जावईबापू सुट्टीला आले होते. म्हणाले, मामा, मीही येतो. नको म्हणता येईना.

दवाखान्यात भिंतीवर दोन तक्ते होते. एकावर मराठी अक्षरं, दुसऱ्यावर नुसत्या उलट्यासुलट्या खुणा, न शिकलेल्यांसाठी. डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, सही करता की अंगठा? जावई शेजारीच उभे. माझं डोकं फिरलं. सही करतो म्हणालो आणि तरातरा अक्षरांच्या तक्त्यासमोर जाऊन उभा राहिलो. वरची दोन अक्षरं ओळखीची निघाली. खालच्या ओळीतली एकेक रेघ लख्ख दिसत होती, पण वाचता काही येईना. डॉक्टर थांबले होते, जावई बघत होते.

"दिसत न्हाय," मी म्हणालो.

लायसनवर जड वाहनाच्या पुढं फुली पडली. लॉरी गेली, बसही गेली. मोटार, जीप आणि फटफटी एवढंच हाती राहिलं. ट्रॅक्टरचं वेगळं लिहून घ्यावं लागतं, हेही कारकुनानं ऐकवलं. मी त्याला विचारलंही नव्हतं. महिनाभरात माझ्या लॉरीवर दुसरा माणूस बसला.

मी एका आडत्याची जीप चालवू लागलो. त्याला बाजारात सोडायचं, बाईंना तुळजापूरला देवीला न्यायचं, उन्हात बसून वाट बघायची. काम हलकंच होतं, पण संध्याकाळी घरी आलो की लॉरीवर कधी शिणलो नव्हतो तितका शिणलेला असायचो. रस्त्यात माझी जुनी लॉरी समोरून आली की मीच तोंड फिरवायचो. अशी वर्षं गेली.

एकदा पंचमीला लेक माहेरी आली. मनात ठेवून ठेवून मी थकलो होतो. तिला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"आप्पा, त्यांला त्याच दिवशी कळलं व्हतं."

परत येताना मी म्हणे जावयाला लांबच्या माळावरची मेंढरं दाखवली होती आणि त्यातलं एक लंगडतंय असं म्हणालो होतो. मला आठवतही नाही. मग बोलले का नाहीत, मी विचारलं.

"सासऱ्याला कसं म्हनायचं, तुमाला वाचता येत न्हाय म्हनून? तुमचा मान ऱ्हावा म्हनून गप बसले."

मला राग आला, पण तो काढायचा कोणावर? तिला एवढंच म्हणालो, ते एका शब्दानं बोलले असते तर मी दुसऱ्याच दिवशी जाऊन त्या खुणांच्या तक्त्यासमोर उभा राहिलो असतो. खरंच राहिलो असतो का, ते मलाही सांगता येत नाही.