बारावा भाग

कोरेगावच्या ठाण्यातली ती फिर्याद अजूनही माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नदीकाठच्या एका गावात बारा शेतकऱ्यांनी सोसायटी नोंदवून पाणी उपसायचे इंजिन बसवले होते. एका सकाळी इंजिनाचा चामडी पट्टा कापलेला आढळला. हातभर तुकडा गायब. नवा पट्टा कुठे मिळत नव्हता आणि ऊस पाण्यावाचून उभा होता.

खबर गावच्या चांभाराने दिली. पाण्याच्या पाळीवरून भांडून सोसायटी सोडलेला एकजण त्याच्याकडे जाड चामडे घेऊन वहाणा करायला आला होता. हा पलटणीतला पेन्शनर हवालदार. शिक्षा झाली तर पेन्शन जाण्याची भीती. मी दरडावून विचारले, तर त्याने नाकारलेच नाही.

"चोरी कसली, फौजदारसाहेब? भाऊ येगळा निघाला तर वाटणी घेतो का न्हाई? आमी बाराजन हुतो. बारावा भाग कापला, बोटभर बी जास्त न्हाई."

शेजारी बसलेले सोसायटीचे चेअरमन उसळले, "लय शाना! मग इंजिनाचं चाक कवा नेतोस रं?"

"त्ये ठेवा तुमालाच. मला उचलत न्हाई."

शिपाई हसले. नोंदलेली सोसायटी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते, पट्टा तिचा, सभासदाचा हक्क शेअरपुरता, हे मला पाठ होते. आपला हक्क समजून नेलेली वस्तू चोरी ठरत नाही, हेही ठाऊक होते. तरी मी त्याला कोठडीत घातले. तपास लागला, एवढेच मला दिसत होते.

पुढे चेअरमन स्वतःच आले. "साहेब, राग गेला. तक्रार मागं घ्यायचा ठराव केलाय आमी."

"सभासदाला काढायचा अधिकार तुमचा," मी म्हणालो, "गुन्हा माफ करायचा नाही."

जप्त केलेला तुकडा जोडून पट्टा शिवला आणि इंजिन चालू झाले. पण सभासद नसलेल्याला पाणी देणे पोटनियमात बसत नव्हते, आणि परत सभासद करून घ्या असा अर्ज करायला तो मोकळा नव्हता. मॅजिस्ट्रेटनी त्याला सोसायटी म्हणजे काय ते समजावले आणि सोडून दिले. पेन्शन वाचली. त्याचा ऊस मात्र तोवर वाळून गेला.

कोर्टाबाहेर त्याने मला विचारले, "साहेब, ह्ये तुमाला आदीच ठावं हुतं?"

"होय."

"मग तवाच सांगायचं हुतं. तुकडा दिला असता की."

त्यानंतर अशी फिर्याद आली की मी आधी माणसाला समोर बसवून कायदा सांगत असे. बहुतेकजण ऐकत. हवालदारानेही ऐकले असते.