खळ्यात आखलेल्या दोन बोटी

गेल्या रविवारी पारनेरजवळ आमच्या खळ्यात मी पांढऱ्या फक्कीने दोन शिडाच्या बोटी आखल्या... अगदी खऱ्या मापाच्या. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, बंगला बांधताय का म्हणून.

झालंय असं, की इतकी वर्षं गोव्यात दुसऱ्यांच्या बोटी चालवल्यावर मी आणि माझी बायको मानसी आता स्वतःची बोट घेतोय. सीझनमध्ये पाहुण्यांना दोन-चार दिवसांच्या सफरी घडवायच्या, एरवी घरच्यांनी फिरायचं. बोटीतलं मला कळतं, हे मी न लाजता सांगतो.

बघून बघून शेवटी दोनच उरल्या होत्या. एक चाळीस फुटी, तीन केबिनची, देखणी. दुसरी सदतीस फुटी, दोन केबिनची, जराशी जुनी, पण मागची बाजू उघडी आणि तिथून पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या. धंदा करायचा तर तीन केबिनवालीच, असं माझं जवळपास ठरलं होतं.

अडत होतं ते आईला सोबत नेण्यावर. वडील गेल्यापासून ती गावी एकटीच असते, आणि बोटीचा विषय काढला की 'तुमी जा, मी हाय हितं' एवढंच बोलते. मला वाटायचं, पाण्याला घाबरते... म्हणून म्हटलं, आधी जमिनीवरच फिरवून आणू.

माझे चुलते, तात्या, यांनी आल्या आल्या विचारलं की हिचं तोंड कुठल्या दिशेला. मी सांगितलं, नांगर टाकला की बोट वाऱ्याकडे तोंड करते, वारा फिरला की तीही फिरते. त्यातला नांगर तेवढा त्यांच्या ओळखीचा निघाला. मग देव्हारा कुठे ठेवणार, या काळजीत ते दोन्ही बोटींभोवती फेऱ्या मारत राहिले.

घरचे बाकी सगळे रेघा ओलांडून खुशाल इकडून तिकडे फिरत होते. आई मात्र चाळीस फुटीच्या बाहेरच उभी. आत ये म्हटलं, तर म्हणाली,

"भिंतीतून कोन येतं व्हय? दार दाव की."

घराची आखणी झाली की तिच्या लेखी रेघ म्हणजे भिंतच... ती ओलांडायची नाही. मी दार दाखवायला गेलो आणि अडखळलो. त्या बोटीवर छोट्या होडीतून, बाजूच्या उभ्या शिडीनेच चढावं लागतं. आईने एक हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला आणि ती बाजेवर जाऊन बसली.

पाण्याची भीती तिला नव्हतीच! मी तिला पाठवलेल्या त्या बोटीच्या सगळ्या फोटोंत मी ऐटीत शिडीवर उभा होतो... तिने ती केव्हाच बघून ठेवली होती, फक्त बोलली नव्हती.

मग मी तिचा हात धरून तिला सदतीस फुटीच्या मागच्या बाजूला नेलं. म्हटलं, हे बघ दार, इथून पायऱ्या. ती सावकाश आत आली, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी रेंगाळली, पार पुढच्या केबिनपर्यंत गेली. तिथे मधोमध उभी राहून म्हणाली,

"आन मी निजायचं ते हितंच ना?"

माझ्याआधी मानसीनेच 'हो आई' म्हटलं.

सोमवारी त्या सदतीस फुटीच्या मालकाला होकार कळवून टाकला. एक केबिन कमी म्हणजे पाहुणे कमी, एवढं मला समजतं... तरी याहून चांगली बोट मी निवडूच शकलो नसतो. पुढच्या केबिनचं पहिलं बुकिंग मात्र झालेलं आहे, मंडळी, आणि ते कुणासाठीही कॅन्सल होणार नाही.