मोहावरली भुरी

ये वं, आजीजवळ सरक. महिन्यातून एकदा येते आन लक्ष सारं दाराकडे! चहा थंडा झाला तुझा. बस, ऐकून जा.

मी लग्न होऊन कुरखेड्याकडे आली तेव्हा स्वराज्याले आठेक वर्षं झाली असतील. मोहफुलं वेचायचा माझा पहिलाच हंगाम. गळलेली फुलं दिसावी म्हणून सासूनं घरच्या मोहाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केली होती. "ढोरं यायच्या आधी वेच," असं बजावून तिनं मले उजाडताच धाडलं.

खोडात उंचावर एक ढोली होती. तिथी लाल डोक्याचा टुइया तोता बसला होता, असा देखणा की मी पाहतच राह्यली. तेवढ्यात भुऱ्या डोक्याचा दुसरा आला आन सरळ ढोलीत शिरला. मले वाटलं, चोर! ढोरं हाकायले सासूनं दिलेली गोफण होतीच. खोडावर गोटा हाणला, भुरा उडाला. पुन्हा आला, पुन्हा हाणला. असा दिवस कासराभर वर आला.

शेजारच्या मोहाखालून एक गोंड बाई धावत आली, माझा हात धरला. "कोणाले मारून राह्यली वं?"

"चोराले. लाल्याचे अंडे खाते."

"अवं येडे, ते त्याची बायको होय! लाल डोकं नराचं, भुरं मादीचं. अंड्यायवर तेच बसते. अंडे थंडे झाले त गेले!"

मी गोफण टोपलीत टाकली. तिनं मले ओढत पळसाआड नेलं. आम्ही बसलो. भुरी येईना.

आल्या त्या गावच्या गाई, आन लागल्या माझी फुलं खायले. मी उठली, तर बाईनं पदर ओढला. "भुरी गाईले नाई भीत, तुले भीते."

समोर फुलं संपत होती. शेवटी भुरी फांदीवर उतरली. लाल्यानं तिले चोचीनं भरवलं. ढोलीच्या तोंडाशी गेली, मान वळवून पळसाकडे पाहिलं, पुन्हा फांदीवर. मग हळूच शेपूट आत गेलं.

घरी सासूनं टोपली पाहिली. "काऊन वं, ढोरायले पाहुणचार केला का?" मी सारं सांगितलं. ती म्हणाली, "बाळंतिणीले गोटे मारते म्हणजे पुरीच येडी!" आन दुसऱ्या दिवशी गोफण काही मले दिली नाई.

पण अंड्यायचं काय झालं, ते कोण सांगणार? रोज फुलं वेचता वेचता वर कान. सहा-सात दिवसांनी ढोलीतून बारीक चिरचिर आली. टोपली तिथीच टाकून मी बाईले बोलवाले पळाली.

टुइया अजून येतात इकडे. मोह गळतो त्या दिवसांत ये, दाखवते. लवकर ये वं, आन चार दिवस राहाले ये.